बिनशिक्क्याची चिठ्ठी

१. पपईला झालंय काय?

भोपाळच्या अरेरा कॉलनीत ई-१ पासून ई-८ पर्यंत कुठल्याही सेक्टरमधून सकाळी चक्कर मारा. जुन्या बंगल्यांच्या आवारात कढीपत्ता, लिंबू आणि पपई ही झाडं हटकून दिसतात. पपईकडे जरा नीट पाहिलं, तर एखादं तरी झाड आजारी निघतं. शेंड्याकडची पानं हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची, काहींचं पातं आक्रसून नुसत्या शिरा उरलेल्या, देठावर तेलकट रेघा आणि फळाच्या सालीवर गोल गोल कडी. माळी लांबूनच निकाल देतो, "इसमें वायरस लग गया है, निकाल दो." निकाल बहुधा बरोबर असतो. हा पपईचा रिंग स्पॉट विषाणू. नंदुरबार-शहाद्याकडे एकरच्या एकर तैवान ७८६ लावणाऱ्या शेतकऱ्याची झोप उडवतो, तोच हा.

यावर घरमालकाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला : औषध काय मारू? त्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. लागण झालेल्या झाडातून विषाणू काढून टाकणारं फवारायचं औषध नाही. तो पसरवणाऱ्या मावा किडीला थोडाफार आवर घालता येतो आणि रोगट झाड वेळीच उपटता येतं, एवढंच. दुसरा प्रश्न जास्त मजेचा आहे : विषाणूला ना तोंड, ना पोट, ना स्वतःची पेशी. मग तो एवढ्या मोठ्या झाडाला आडवं कसा करतो?

या विषाणूचा कण उघडला तर आत दोनच गोष्टी सापडतात. एक आरएनएचा लांब धागा आणि त्याच्याभोवती एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या सुमारे दोन हजार प्रती, म्हणजे त्याचं आवरण. धाग्यावर १०,३२६ अक्षरं आहेत (हवाईमधल्या प्रसिद्ध वाणाची ही मोजणी). प्रथिनं बनवायचं यंत्र मात्र कणात नाही. ते पपईच्या पेशीत आहे. पेशीला आपली प्रथिनं बनवायला भाग पाडणं हा विषाणूचा सगळा धंदा, आणि त्यासाठी त्याला पेशीचे नियम चुकवावे लागतात. म्हणून आधी नियम पाहू.

२. मुदपाकखान्याची शिस्त

एखाद्या मंगल कार्यालयाच्या मुदपाकखान्याची कल्पना करा. आचारी भराभर रांधतात, पण शिस्त कडक आहे. कोठीतून आलेल्या चिठ्ठीच्या माथ्यावर शिक्का असेल तरच ती हातात घ्यायची. वरून वाचत यायचं. 'सुरू' हा शब्द पहिल्यांदा दिसला की रांधायला लागायचं, 'थांबा' दिसलं की थांबायचं. एका चिठ्ठीवर एकच पदार्थ. त्याखाली कुणी आणखी चार पदार्थ लिहिले असले, तरी तिथवर वाचत जायची पद्धत नाही.

वनस्पतीच्या पेशीत आचाऱ्याच्या जागी रायबोसोम असतो. चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आरएनए. तिच्यावरची अक्षरं चार : ए, यू, जी आणि सी. रायबोसोम तीन-तीन अक्षरांचा एक शब्द वाचतो आणि प्रत्येक शब्दामागे एक अमिनो आम्ल साखळीला जोडतो. पूर्ण झालेली साखळी म्हणजे प्रथिन. ए-यू-जी हा 'सुरू'चा शब्द. यू-ए-ए, यू-ए-जी आणि यू-जी-ए हे तीन 'थांबा'चे.

एक छोटं उदाहरण करून पाहू, पुढे उपयोगी पडेल. चिठ्ठीवर आहे : एयूजी जीसीयू यूएए. वाचन झालं : मेथिओनिन, अ‍ॅलनिन, थांबा. आता पहिल्या शब्दानंतर एकच ए जादा घुसवा. तीन-तीनचे गट आपोआप सरकतात आणि वाचन होतं : एयूजी एजीसी यूयूए... म्हणजे मेथिओनिन, सेरिन, ल्युसिन आणि पुढे चालूच. 'थांबा' नाहीसा झाला. एका अक्षराच्या सरकण्याने अख्खा मजकूर बदलतो. याला वाचनाची चौकट सरकणं म्हणतात.

शिक्का म्हणजे आरएनएच्या सुरुवातीला उलटं जोडलेलं एक खास अक्षर. शास्त्रज्ञ त्याला कॅप, म्हणजे टोपी म्हणतात. शेवटच्या टोकाला ए-ए-ए-ए अशी लांब शेपटी असते. टोपी ओळखून धरणारं पेशीचं एक प्रथिन आहे, त्याचं नाव ईआयएफ-४ई. नाव रुक्ष आहे, पण लक्षात ठेवा, कारण या प्रकरणाच्या शेवटी सगळा खेळ त्याच्यावरच येणार आहे. त्याचं जोडीदार प्रथिन एका हाताने ईआयएफ-४ई धरतं आणि दुसऱ्या हाताने शेपटीवर बसलेलं प्रथिन. त्यामुळे चिठ्ठीची दोन्ही टोकं जवळ येतात आणि तिचं कडं होतं. एक वाचन संपवलेला रायबोसोम तिथेच पुन्हा सुरुवातीला लागू शकतो, कामाला गती येते.

हे नुसतं पुस्तकी ज्ञान नाही. कोविडच्या काळातल्या एमआरएनए लसींमध्ये टोपी आणि शेपटी दोन्ही मुद्दाम बसवावी लागली. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची एमआरएनए लस २०२२ मध्ये आपत्कालीन वापरासाठी मंजूर झाली. दंडातल्या पेशींनी संदेश वाचावा म्हणून तिलाही हाच शिष्टाचार पाळावा लागला.

३. चिठ्ठी हाच विषाणू

१९५६ मध्ये जर्मनीत ट्युबिंगेनला गीरर आणि श्रॅम या दोघांनी तंबाखूच्या मोझॅक विषाणूचं आवरण काढून टाकलं आणि उरलेला नुसता आरएनए तंबाखूच्या पानावर चोळला. पान आजारी पडलं. अमेरिकेत बर्कलीला फ्रेंकेल-कॉनराट यांनाही त्याच सुमारास तेच दिसलं. म्हणजे प्रथिनाचं आवरण ही वेष्टणाची बाब. रोग आहे तो आरएनएत. पपईच्या विषाणूचंही असंच. त्याचा आरएनए ही रायबोसोमने थेट वाचावी अशी चिठ्ठीच आहे. ती पेशीत पडली की कुठल्याही मधल्या टप्प्याशिवाय वाचन सुरू होऊ शकतं.

इथे एक खुलासा केलेला बरा. मध्य प्रदेश आणि विदर्भातल्या सोयाबीनवर येणारा पिवळा मोझॅक या गटातला नाही. त्या विषाणूंचा मजकूर डीएनएत असतो, ते आधी केंद्रकात जातात आणि पांढरी माशी त्यांना पसरवते. पान पिवळं दिसलं म्हणून सगळे विषाणू एका माळेत ओवू नयेत. आपण फक्त आरएनएवाल्यांबद्दल बोलतोय.

या आरएनएवाल्यांपुढे अडचणी दोन. विषाणूला आरएनएच्या प्रती काढणारं प्रथिन हवं, आवरण हवं, एका पेशीतून दुसरीत जायला वाट करून देणारं प्रथिन हवं, झाडाची प्रतिकारयंत्रणा बंद पाडणारंही हवं. आणि मुदपाकखाना तर एका चिठ्ठीवर एकच पदार्थ करतो. दुसरी अडचण शिक्क्याची. टोपी चढवणारी पेशीची यंत्रणा केंद्रकात आहे आणि यातले बहुतेक विषाणू केंद्रकाबाहेरच राहतात. काहींनी टोपी चढवायचं प्रथिन स्वतःच बाळगलं. बाकीच्यांनी काय केलं, ते पुढे.

४. पपईवाल्याची युक्ती : थापा आणि कापा

रिंग स्पॉट विषाणू पोटीव्हायरस नावाच्या मोठ्या घराण्यातला आहे. बटाट्याचा वाय विषाणू आणि सोयाबीनचा मोझॅक विषाणूही याच घराण्यातले. या घराण्याने 'एकच पदार्थ' हा नियम अक्षरशः पाळला आणि तरी दहा पदार्थ मिळवले. आचाऱ्याने ताटभर एकच सलग वडी थापायची आणि मग तिचे काप करायचे. गंमत अशी की सुऱ्याही त्या वडीतच थापलेल्या असतात.

रायबोसोम ए-यू-जी पासून वाचायला लागतो आणि मध्ये कुठेही 'थांबा' न भेटता ३,३४४ अमिनो आम्लांची एकच अजस्र साखळी बनवतो. या साखळीतले तीन भाग प्रथिनं कापणारे आहेत. पहिले दोन फक्त स्वतःला साखळीपासून तोडून घेतात. तिसरा बाकीचे सगळे काप घालतो. शेवटी सुमारे दहा कामाची प्रथिनं सुटी होतात.

आता जरा हिशेब करू. वनस्पतीच्या पेशीतला रायबोसोम ढोबळमानाने सेकंदाला पाच अमिनो आम्लं जोडतो असं धरा. ३,३४४ भागिले ५ म्हणजे साधारण ६७० सेकंद, म्हणजे अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत एक साखळी आणि तिच्यातून आवरणाचं प्रथिन किती मिळालं? एक. एका नव्या कणाला लागतात सुमारे दोन हजार. एकाच रायबोसोमवर विसंबून राहिलं, तर एका कणाच्या आवरणाला पंधरा दिवस लागतील. प्रत्यक्षात एकाच आरएनएवर अनेक रायबोसोम एकामागे एक चालत असतात आणि आरएनएच्याही असंख्य प्रती निघालेल्या असतात, म्हणून काम भागतं.

पण हिशेबातली दुसरी बाजू सुटलेली नाही. आवरणाचं प्रथिन तीनशेच्या आतबाहेर अमिनो आम्लांचं, म्हणजे साखळीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. दोन हजार आवरणप्रथिनांसाठी बाकीची नऊ प्रथिनंही दोन-दोन हजार बनणार, मग ती हवी असोत वा नसोत. आरएनएच्या प्रती काढणारं प्रथिन एका कणामागे दोन हजार कशाला लागतं? लागत नाहीच. जास्तीचा माल पेशीत साचून राहतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या विषाणूंनी ग्रासलेल्या पेशीत भिंगरीच्या आकाराचे पुंजके दिसतात. काही पोटीव्हायरस तर केंद्रकात चक्क स्फटिक साठवतात. भिंगऱ्या दिसल्या की विषाणू याच कुळातला, असं निदान करण्याची रीत होती. उत्पादनाची ही पद्धत मला तरी कमालीची उधळी वाटते. तरीही वनस्पतींच्या विषाणूंमधलं हे अत्यंत यशस्वी घराणं आहे. माल झाडाचा, ऊर्जा झाडाची. काटकसर करायची कुणासाठी?

शिक्क्याचं काय? पोटीव्हायरसच्या आरएनएला शेपटी आहे, पण टोपी नाही. टोपीच्या जागी विषाणूचंच एक छोटं प्रथिन पक्कं चिकटवलेलं असतं. त्याला व्हीपीजी म्हणतात. हे व्हीपीजी जाऊन बिलगतं ते थेट ईआयएफ-४ईला, म्हणजे शिक्के तपासणाऱ्यालाच.

या घराण्याची एक गोष्ट बराच काळ कुणाच्या लक्षात आली नव्हती. १९८६ मध्ये पोटीव्हायरसचे पहिले संपूर्ण अनुक्रम वाचले गेले आणि 'एक साखळी, दहा प्रथिनं' असं चित्र पक्कं झालं. मग २००८ मध्ये संगणकावर अनेक अनुक्रम शेजारी मांडून पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना मध्येच एक विचित्र जागा दिसली. तिथे चौकट सरकवून वाचलं तर आणखी एक छोटं प्रथिन लपलेलं होतं. त्याचं नाव ठेवलं पिपो. ते वाचनात येतं कसं, हे २०१५ मध्ये उलगडलं. आरएनएची प्रत काढणारं विषाणूचं प्रथिन सलग आलेल्या ए अक्षरांच्या ओळीवर कधीतरी घसरतं आणि एखाद्या प्रतीत एक ए जादा लिहितं. आपल्या उदाहरणात झालं तसंच. चौकट सरकते आणि दुसरा मजकूर उमटतो. अशा प्रती शेकड्यात एक-दोनच निघतात, पण तेवढ्या पुरतात. पेशीतून शेजारच्या पेशीत शिरायला विषाणूला हे प्रथिन लागतंच.

५. तंबाखूवाला आणि गळका थांबा

तंबाखूचा मोझॅक विषाणू, टीएमव्ही, हा या शास्त्रातला आद्यपुरुष. त्याच्या आरएनएत ६,३९५ अक्षरं आहेत आणि माथ्यावर रीतसर टोपी आहे. तिच्यामागे अडुसष्ट अक्षरांची एक प्रस्तावना येते. रायबोसोमला ती इतकी मानवते की प्रयोगशाळांमध्ये कुठलंही प्रथिन वनस्पतीत भरपूर बनवून घ्यायचं असेल तर तीच उसनी घेतात.

शेपटीच्या जागी मात्र ए-ए-ए नाही. तिथला आरएनए स्वतःवरच दुमडून अमिनो आम्लं वाहणाऱ्या छोट्या आरएनएसारखा आकार धारण करतो. शेपटीचं काम ही घडी करते.

टीएमव्ही वड्या थापत नाही. त्याच्या पहिल्या प्रथिनाच्या शेवटी यू-ए-जी, म्हणजे 'थांबा' आहे. पण हा थांबा गळका आहे. बहुतेक रायबोसोम तिथे थांबतात. शेकडा पाच ते दहा मात्र त्याला अमिनो आम्लाचा शब्द समजून पुढे निघतात. त्यामुळे एकाच ओळीतून दोन प्रथिनं मिळतात, एक आखूड आणि एक लांब. लांबट प्रथिनाच्या वाढीव भागातच आरएनएची प्रत काढायचं कसब आहे. विषाणूला ते थोडंच हवं असतं आणि गळतीचं प्रमाण ते थोडंच बनवतं. पोटीव्हायरसला न जमलेली काटकसर इथे एका शब्दाने साधली. गळती त्या एका शब्दावरच अवलंबून नसते. त्याच्या लगेच पुढची सहा अक्षरं कोणती आहेत, यावरही गळती ठरते.

आवरणाचं प्रथिन आरएनएच्या पार शेवटाकडे लिहिलेलं आहे, तिथवर रायबोसोम पोचत नाही. मग विषाणू फक्त त्या शेवटच्या भागाच्या वेगळ्या आखूड प्रती काढतो. या प्रतींत आवरणाचा मजकूर सगळ्यात वर येतो आणि नियमाप्रमाणे वाचला जातो. आवरणप्रथिन १५८ अमिनो आम्लांचं. पाचाने भागा, अर्ध्या मिनिटात एक तयार. पपईवाल्याची अकरा मिनिटं आठवा. टीएमव्हीच्या एका कणाला २,१३० आवरणप्रथिनं लागतात. रोगट पान चुरगळून काढलेल्या रसात कणांचा सुकाळ का असतो, हे आता कळेल.

हे सगळं कळलं कसं, याची हकीकत भोपाळकरांना जवळची वाटावी. शेजारच्या सिहोरचा शरबती गहू आपण पोळ्यांसाठी घेतो. गव्हाच्या दाण्यातला अंकुर कुटून जो अर्क निघतो, त्यात रायबोसोम आणि इतर सगळा सरंजाम शाबूत असतो. फक्त चिठ्ठी टाकायची खोटी. १९७३ मध्ये रॉबर्ट्स आणि पॅटरसन यांनी बाजारात मिळणाऱ्या गव्हाच्या अंकुराचा असाच अर्क करून त्यात टीएमव्हीचा आरएनए वाचून घेतला. पुढे १९७८ मध्ये ह्यू पेलहॅम यांनी सशाच्या रक्तपेशींचा अर्क वापरून गळक्या थांब्याचा उलगडा केला. तंबाखूच्या विषाणूची चिठ्ठी, वाचणारा ससा! हा तपशील ध्यानात असू द्या, टोमॅटोच्या वेळी लागेल.

६. हरण्या आणि तिरंगा

जळगावला रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या पानांवर पिवळे पट्टे येतात, पोंगा सडतो आणि शेतकरी म्हणतो, हरण्या आला. हा काकडीचा मोझॅक विषाणू, सीएमव्ही. नाव काकडीचं असलं तरी केळी, मिरची, टोमॅटो अशा शेकडो जातींच्या वनस्पतींवर तो जगतो.

एका चिठ्ठीवर एकच पदार्थ? मग चिठ्ठ्याच तीन लिहू, असा याचा साधा हिशेब. सीएमव्हीचा मजकूर तीन वेगवेगळ्या आरएनएंत वाटलेला आहे आणि तिन्हींवर टोपी आहे. पहिल्या दोन आरएनएंतून प्रती काढणारी प्रथिनं येतात, तिसऱ्यातून पेशीपेशींत वाट करून देणारं. उरलेल्या दोन प्रथिनांसाठी टीएमव्हीसारख्या आखूड प्रती निघतात. तीन आरएनए वेगवेगळ्या कणांत बसतात, त्यामुळे झाडाला लागण व्हायची तर तिन्ही प्रकारचे कण एकाच पेशीत पोचले पाहिजेत. माव्याच्या सोंडेतून ते जातात, हेच मोठं आश्चर्य.

२०२० च्या उन्हाळ्यात नारायणगाव, संगमनेर, अकोले भागातला टोमॅटो एकाच फळावर तीन रंग घेऊन पिकायला लागला आणि 'तिरंगा व्हायरस' हे नाव सगळीकडे झालं. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले तेव्हा त्यांत सीएमव्ही आढळला. टाळेबंदीचे दिवस होते, व्हायरस या शब्दानेच लोक दचकत होते. टोमॅटोला गिऱ्हाईक मिळेना.

७. टोमॅटो खाल्ला तर?

प्रश्न हास्यास्पद नाही. ससा तंबाखूच्या विषाणूची चिठ्ठी वाचतो, तर माणसाचा रायबोसोमही ती वाचू शकेल. टोपी तीच, तीन अक्षरांचे शब्द तेच, 'सुरू' आणि 'थांबा' तेच. मुदपाकखाना सगळीकडे सारखाच.

अडतं ते दारावर. वनस्पतीच्या विषाणूला पेशीत शिरायला जखम लागते : माव्याची सोंड, फुलकिड्याचं खरवडणं, माळ्याची कात्री. आपल्या पेशीच्या पृष्ठभागाला धरून आत शिरण्याची किल्ली त्याच्याकडे नाही. आणि शिरला समजा, तरी पुढच्या कामात त्याला वनस्पतीचीच साथ लागते. २००६ मध्ये माणसाच्या विष्ठेतले आरएनए विषाणू तपासले, तेव्हा सर्वांत जास्त सापडला तो मिरचीवरचा एक विषाणू, टीएमव्हीचा सख्खा चुलतभाऊ. मिरचीच्या सॉससारख्या पदार्थांतून तो आपण रोज गिळतो आणि तो जसाच्या तसा बाहेर पडतो. तिरंगा टोमॅटोची भाजी निर्धास्त खावी. चवीबद्दल मी हमी देत नाही.

८. शेपटीत लपवलेला शिक्का

आता या शास्त्रातला माझा सर्वांत आवडता भाग. बार्ली, ओट आणि गव्हावर येणारा पिवळ्या बुटकेपणाचा एक विषाणू आहे, बीवायडीव्ही. त्याच्या आरएनएला टोपी नाही, व्हीपीजी नाही, ए-ए-ए शेपटीही नाही. नियमाप्रमाणे अशी चिठ्ठी केराच्या टोपलीत जायला हवी. तरी रायबोसोम ती झपाट्याने वाचतात.

अमेरिकेत आयोवामध्ये अ‍ॅलन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात शोध घेतला, तेव्हा शिक्का सापडला तो भलत्याच टोकाला. आरएनएच्या शेवटच्या, प्रथिनासाठी न वाचल्या जाणाऱ्या भागात सुमारे शंभर अक्षरांची एक घडी आहे. ती ईआयएफ-४ईच्या जोडीदार प्रथिनाला पकडते. पण पकडून उपयोग काय, वाचन तर दुसऱ्या टोकाला सुरू व्हायचं! त्याचीही सोय आहे. घडीच्या एका वळशातली मोजकी अक्षरं सुरुवातीच्या टोकाजवळच्या वळशातल्या अक्षरांशी जोडी जमवतात : ए समोर यू, जी समोर सी. हजारो अक्षरांचं अंतर ओलांडून दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि शिक्का जागेवर येतो. टोपी आणि शेपटीने जे कडं केलं असतं, तेच या विषाणूने नुसत्या आरएनएच्या वळशांनी केलं. जोडीतली अक्षरं एका बाजूला बदलली की वाचन मंदावतं. समोरच्या बाजूलाही त्याला जुळणारा बदल केला की पुन्हा सुरू होतं. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचित मिळतो.

यातून आणखी एक कोडं सुटायला मदत होते. विषाणूचा आरएनए चिठ्ठीही असतो आणि मूळ प्रतही. रायबोसोम तो सुरुवातीकडून शेवटाकडे वाचत येतो. प्रत काढणारं प्रथिन त्याच धाग्यावर शेवटाकडून सुरुवातीकडे निघतं. एकेरी रस्त्यावर दोघं समोरासमोर. टक्कर टळते कशी? मिलर यांचा तर्क असा की प्रत काढणारं प्रथिन शेवटाकडून निघाल्यावर वाटेत ही घडी मोडतं. घडी मोडली की टोकांची जोडी सुटते आणि नवे रायबोसोम चढायचे थांबतात. आत असलेले वाचून बाहेर पडतात, रस्ता मोकळा होतो.

९. उलटी चिठ्ठी, चोरीचा शिक्का

भुईमुगावर शेंडेमर आणणारा आणि टोमॅटोलाही छळणारा विषाणू अगदी वेगळ्या वळणाचा. त्याला फुलकिडे पसरवतात. त्याच्या आरएनएवरचा बराच मजकूर उलटा लिहिलेला असतो, रायबोसोमला तो वाचताच येत नाही. त्यामुळे हा विषाणू सुलट प्रत काढणारं प्रथिन कणात सोबतच घेऊन येतो.

सुलट प्रतीला शिक्का हवा. या गटातले विषाणू तो सरळ चोरतात. झाडाच्या स्वतःच्या संदेशांची टोपी, तिच्यामागच्या दहा-वीस अक्षरांसकट कापायची आणि आपल्या प्रतीच्या माथ्यावर लावायची. ज्या संदेशाचं डोकं उडवलं, तो झाडाच्या उपयोगाचा राहत नाही. एका घावात दोन कामं.

१०. शिक्का तपासणारा बदलला तर

पोटीव्हायरसचं व्हीपीजी ईआयएफ-४ईला बिलगतं, हे वर आलं. मिरची, वाटाणा आणि लेट्यूसच्या काही जातींना हे विषाणू लागत नाहीत, ही गोष्ट पैदासकार कितीतरी आधीपासून वापरत होते. कारण ठाऊक नव्हतं. गुण पुढच्या पिढीत उतरतो एवढं पुरेसं होतं. त्यातही तो गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसायचा. २००२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मिरचीतलं बटाट्याच्या वाय विषाणूला दाद न देणारं जनुक शोधून काढलं, तर ते निघालं ईआयएफ-४ईचंच. त्यातली मोजकी अमिनो आम्लं बदललेली होती. झाडाचे संदेश ते नीट ओळखतं, व्हीपीजीला मात्र पकड मिळत नाही. दोन्ही प्रती बदललेल्या का हव्यात, तेही यातून कळतं. एक जुनी प्रत शिल्लक असली तरी विषाणूचं भागतं.

पपईसाठी हवाईत दुसरा मार्ग धरला गेला. डेनिस गोन्साल्विस यांच्या गटाने विषाणूच्या आवरणाचं जनुक पपईत घातलं आणि 'सनअप' व 'रेनबो' या जाती १९९८ मध्ये शेतकऱ्यांना मिळाल्या. त्या झाडात विषाणूचा आरएनए ओळखून त्याचे तुकडे केले जातात. चिठ्ठी वाचायच्या आधीच फाटते. तो विषय स्वतंत्र प्रकरणाचा आहे.

ईआयएफ-४ईच्या वाटेवर २०१६ मध्ये इस्रायलमध्ये पुढचं पाऊल पडलं. जनुकात नेमक्या जागी बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राने काकडीतलं हे जनुकच निकामी केलं आणि अशा काकडीने रिंग स्पॉट विषाणूच्या वेलवर्गीय पिकांवरच्या भावंडालाही दाद दिली नाही. काकडी जगली कशी? वनस्पतींकडे शिक्का ओळखणारी दोन मिळतीजुळती प्रथिनं असतात. एक गेलं तर दुसरं काम चालवतं. अडचणही तिथेच आहे. काही विषाणू या दोन्हींपैकी कोणतंही वापरू शकतात, आणि दोन्ही बंद केली तर झाडच उरत नाही. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपट्यात हे करून पाहिलंय, रोप तयारच होत नाही. शिवाय विषाणूही गप्प बसत नाही. व्हीपीजीत एखाद-दुसरं अमिनो आम्ल बदललं की नव्या ईआयएफ-४ईवर पकड परत मिळालेली अनेकदा दिसली आहे.

त्यामुळे अलीकडे जनुक तोडून टाकण्यापेक्षा त्यातलं नेमकं एखादं अक्षर बदलण्याकडे कल आहे. २०१९ मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिसच्या ईआयएफ-४ईत असा एकच बदल केला गेला. तो वाटाण्याच्या रोगप्रतिकारक जातीत निसर्गतः आढळणाऱ्या बदलाची नक्कल होती. टोपी पकडण्याचं काम शाबूत राहिलं आणि पोटीव्हायरसला रोपटं दाद देईनासं झालं.